सगळं चालवणारा डबा

मोहर्ली

तीर्थस्वरूप दुर्गाबाईले धाकट्या सत्यशीलाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा, भाऊजींचा खोकला आणि गडचांदूरची धूळ, तिन्ही आता जरा बसले असतील. आम्ही इथी जिवंत आहोत (हे उगाच लिहीत नाई, पुढं वाच). फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्या दिव्यानीचे बाबा बाजूले कान देऊन बसतात.

तर झालं असं. गावातल्या कोंबड्या गायब होऊन राह्यल्या होत्या, म्हणून वनरक्षक दसरूभाऊंनी आमच्या परसातल्या मोहाच्या झाडाले अंधारातही दिसणारा कॅमेरा बांधला. मंग त्यातला व्हिडिओ पेनड्राईव्हवर देऊन म्हणाले, बाई, घरी बसून पाहा. तो आमच्या टीव्हीवर लागेना (टीव्ही म्हणे, ही फाईल मले समजत नाई). दिव्यानीच्या बाबांनी चंद्रपूरहून मीडिया प्लेअर आणला, म्हणजे टीव्हीले जोडायचा काळा डबा. कोणता घ्यावा यावरून त्यांनी दुकानदाराचं इतकं डोकं खाल्लं, की त्यानं हाती आला तो देऊन टाकला. त्यावर चित्र काळंकुट्ट, आवाज मात्र खणखणीत. आवाज माझाच. पहाटे अंधारात संडासले जाताना शेजारच्या मयुरीचं कुत्रं वाटेत बसलं होतं, त्याले मी दिलेल्या शिव्या. सगळे हसले, मीही हसली. पण माझ्या शिव्यांमागं कोणीतरी करवतीनं लाकूड कापल्यासारखा श्वास घेत होतं, आणि कुत्रं तसा श्वास घेत नाई. तेव्हापासून मी पाणी पिणंच कमी केलं.

डबा बदलायले दोघं गेलो. दुकानदार म्हणाला, फाईल इथीच लावून पाहा, चालली तर न्या. त्यानं दुसरा डबा आलमारीएवढ्या टीव्हीले जोडला. बाई, त्यावर बिबट होता. आमच्या संडासच्या वाटेवर पाय दुमडून बसलेला. मागून मी येते, हातात बादली. चप्पल काढून त्याच्या पाठीत हाणते. तो मान वळवून पाहते. मी म्हणते, "काऊन पाहून राह्यला बे? ऊठ." तो उठून बाजूले सरकते, आणि मी त्याच्याकडं पाठ करून चालली जाते.

मी तिथंच फ्रिजच्या खोक्यावर बसली. दुकानदार हळूच म्हणाला, "हाच घ्या बाई. मिशासुद्धा साफ दिसतात."

घेतला. आता रोज कोणी ना कोणी पाहायले येते, सफारीच्या गाड्यांचे ड्रायव्हरसुद्धा. सगळे मले धाडसी म्हणतात, पण संडासले मी एकटी जात नाई. दिव्यानीचे बाबा काठी घेऊन बाहेर उभे राहतात आणि माझ्यापेक्षा जास्त भिऊन सारखं विचारतात, झालं का, झालं का (अशानं होत नाई, बाई).

भाऊजींले नमस्कार, पोरांले आशीर्वाद.

तुझी सत्यशीला

ता. क. तू आजारी आहेस असा फोन दिव्यानीच्या बाबांले कर, म्हणजे मले थोडे दिवस तुझ्याकडं येता येईल. तुमचा संडास घरातच आहे.

आणखी ता. क. आजार फार मोठा सांगू नको. मोठा ऐकला तर तेही संगं येतील, आणि तुझं मन रमावं म्हणून डबा घेऊन येतील.