नानाजींचे डोळे

३ एप्रिल
दसरूभाऊला वाघानं नेलं! मोहफुलं वेचायला वाकला होता, मागून आला. मयुरी रोज सकाळी आईसोबत त्याच जंगलात जाते. आज पेपरातल्या चित्रपट्टीच्या चौकटीसुद्धा वाकड्या आल्या.

४ एप्रिल
वाकड्या चौकटींवरून लटारूभाऊंची बोलणी खाल्ली. चंद्रपूरच्या पेपरात त्यांची ‘क्वार्टर नंबर सात’ ही विनोदी चित्रपट्टी माझ्या जन्माआधीपासून रोज येते — कॉलनीतले नानाजी, बायको, पोरं. भाऊंना आता नीट दिसत नाही. ते पेन्सिलीनं काढतात, शाई मी भरतो. कॉलेजात सरांची कॉलर धरली, कॉलेज सुटलं, तेव्हापासून हेच.

५ एप्रिल
मयुरीला मूल गावच्या बाजारात गाठलं. जंगलात जाऊ नको म्हणालो. जरा जोरातच. ती म्हणाली, मोह तू आणून देशील का? वर हसली —
“मले वाघाचं भेव नाई. तुह्या वटारल्या डोळ्याईचं हाये.”
तिथूनच परत फिरलो.

६ एप्रिल
फॉरेस्टचा गार्ड सांगून गेला — डोक्याच्या मागे मुखवटा बांधा, माणूस पाहतोय असं दिसलं की वाघ येत नाही. त्यानं वाटलेले मुखवटे पुरले नाहीत. मी पुठ्ठ्यावर नानाजींचा चेहरा काढला. हाताला तोच बसलाय. सुतळी ओवली, मयुरीच्या दारात ठेवून आलो. राग होताच.

७ एप्रिल, सकाळ
भाऊंना ऐटीत सांगितलं. त्यांनी चहा खाली ठेवला.
“अबे, नानाजीले डोळे कुठी हायेत?”
नाहीत! नानाजी कायम झोपलेले. स्कूटरवर झोप, लग्नात झोप — डोळ्यांच्या जागी दोन रेघा. त्यावरच तर लोक हसतात. सवयीनं मीही रेघाच मारल्या. झोपलेला माणूस बांधून दिला तिच्या पाठीला!
धावत गेलो. दाराला कडी.

दुपार
बाकीच्या बाया परतल्या. मयुरी अन् तिची आई, ह्या दोघी नाहीत. परतलेल्यांतली इंदुताई म्हणते, ह्या दोघींच्या बाजूला सांबर ओरडत होतं. वाघ दिसल्याशिवाय ते असं ओरडत नाही. मी आत शिरायला गेलो, लोकांनी धरून ठेवलं. एकाला मारलं मी. काऊन मारलं, माहीत नाही.

८ एप्रिल
आल्या काल, ऊन उतरल्यावर. टोपल्या तिथंच टाकून. आईनं वळून पाहिलं तर वाघ मयुरीच्या पाठीशी. थांबला, मुखवट्याकडे पाहत राहिला, गेला.
आज तिनं मुखवटा दाखवला. रेघांवर काजळानं मोठाले डोळे, चढलेल्या भुवया.
“नानाजी झोपून होता,” ती म्हणाली. “म्हून तुहे डोळे काढले.”