मिठाच्या विटा

१२ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

सरकारी कुरणावरची राखणदारी बरी चालली होती, पण काल सभेत माझं तोंड सुटलं. सगळी गुरं दिवसभर ओढ्याला चिकटून असतात. काठावरचं गवत मुळासकट गेलंय आणि टेकडीवरचं उभ्या उभ्या वाळतंय. साहेब म्हणाले, ओढ्याला तारेचं कुंपण घालू. गुराख्यांचे म्होरके, म्हणजे ज्या मुलीबद्दल मी लिहिलं होतं ना, तिचे वडील, उसळले, की मग गुरांनी पाणी प्यायला काय तुमच्या कचेरीत यायचं? मला राहवलं नाही. म्हटलं, कुंपण नको. मिठाच्या विटा टेकडीवर ठेवा, चाटायला गुरं आपसूक चढतील. सगळे हसले. तीही! मग डोकंच फिरलं. थंडीपर्यंत काठावर गवत उभं राहिलं नाही तर नोकरी सोडतो, असं बोलून बसलो. बाबांना कळू देऊ नकोस. लोभ असू द्यावा, तोही गुपचूप.

तुझा भाऊ

२० जून

चि. भडकूस, अनेक आशीर्वाद.

पत्र नेमकं बाबांच्याच हाती पडलं. जन्मभर पोरांना शिकवलेला माणूस. चष्मा पुसत म्हणाले, कॉलेज अर्ध्यावर सोडलं, आता हेही सोडेल. मी भांडले त्यांच्याशी, तेव्हा माझं नाक कापू नकोस. आणि खरं सांग, टेकडीवरून तिचं अंगण दिसतं ना? वेळेवर जेव, ओरडणं कमी कर आणि आमची आठवण ठेव.

तुझी ताई

१८ नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

अंगण दिसतं. पण गुरं चढेनात. विटा वाहून खांदे सोलवटले, वर एक शेपूट फिरकेना. सगळ्या विटा ओढ्यात भिरकावणार होतो, तेवढ्यात बाबांचं ते वाक्य आठवलं आणि हात थांबला. मग तिनेच मला वेड्यात काढलं. म्हणाली, उन्हात कोण थांबेल? आणि वाट कुणी दाखवल्याशिवाय गुरांना कसं कळेल? आम्ही विटा वरच्या झाडांच्या सावलीत हलवल्या. वडिलांना न विचारता तिने आपली गुरं वर हाकली. मागोमाग बाकीचीही गेली.

ताई, आज काठावर गवत गुडघ्याला लागतंय! कुंपण बारगळलं. तिचे वडील गवतातून हात फिरवत कितीतरी वेळ उभे होते. मग साहेबांना म्हणाले, पुढच्या वर्षीही विटा ह्याच पोराच्या हाती द्या. आणि माझ्याकडे वळून विचारलं, वडील काय करतात तुझे? बाबा अजून रागावलेत, हे मनात आलं. नुसताच हसलो. बाबांना एवढंच सांग, ह्या वेळी अर्ध्यावर सोडलं नाही. बाकी माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा भाऊ

२५ नोव्हेंबर

चि. मुलास, अनेक आशीर्वाद.

ताईने पत्र वाचून दाखवलं. मग मी स्वतः वाचलं. मग शेजाऱ्यांना ऐकवलं. त्यांनी विचारलं नव्हतं तरी. त्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं तर हसत बसू नकोस. सांग, कुरण राखणाऱ्या पोराचा बाप आहे, सध्या दुसरं काहीच करत नाही.

तुझे बाबा