राहुकाळाच्या आधी घेतलेला कॉम्प्युटर

चामराजपेट, बेंगळुरू
विजयादशमी, शुक्रवार

ती. दाजी यांस श्रीवत्साचा साष्टांग नमस्कार.

आपली तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? खुर्ची बदलली का? (रविवारी कॉम्प्युटरवर चार-चार तास आपला लढाईचा खेळ खेळायला बसायचं तर खुर्ची धड हवी, हे मी मागेच सांगितलं होतं.) सुमंगलाअक्काला नमस्कार सांगा, पण हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नका. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही आधी हसत सुटता, मग अक्का फोन ओढून घेते आणि माझं म्हणणं राहूनच जातं. इथे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

पुढच्या रविवारपर्यंत माझा कॉम्प्युटर सुरू झाला नाही तर आपल्या चौघांच्या संघातली माझी जागा तुमच्या शेजारच्या दंतवैद्याला देणार, हा तुमचा निरोप पोचला. दाजी, मी काय तीन महिने हातावर हात धरून बसलोय? जुना कॉम्प्युटर जुलैत गेला त्या दिवसापासून सुटे भाग निवडतोय. सगळं चाळीस हजारांत बसवायचं. प्रोसेसर पसंत पडला की त्याला चालणारा मदरबोर्ड महाग, स्वस्त मदरबोर्ड घ्यावा तर त्यावर जुन्या पद्धतीची रॅम, ती घेतली की दोन वर्षांनी सगळंच बदला. यादी एकोणीस वेळा लिहिली. जेवताना उठून लिहिली. ऑफिसच्या बैठकीत पॉवर सप्लाय किती वॉटचा घ्यावा याचा विचार करत होतो, तेवढ्यात साहेबांनी माझं मत विचारलं आणि मी ‘साडेपाचशे पुरेत’ म्हणून गेलो. (त्यांनी ते लिहून घेतलं. कशाबद्दल होतं हे मी अजून विचारलेलं नाही.) शेवटी असं ठरलं की ग्राफिक्स कार्ड उन्हाळ्यात घ्यायचं आणि तोवर ज्याच्या पोटातच पडद्यावर चित्र आणायची सोय असते तसा प्रोसेसर घ्यायचा. आपला खेळ तेवढ्यावर रडतखडत चालतो. मे महिन्यात तुमच्या कपाटावरचं जुनं ग्राफिक्स कार्ड बघून, याच्यावर आता पापड भाजा, असं मी चारचौघांत बोललो होतो. ते तुम्ही मनावर घेतलं नसेलच.

आता अप्पांचं ऐका. कॉम्प्युटर नवमीच्या आयुधपूजेला घरात हवा, तेव्हा खरेदी बुधवारीच, आणि ती बारा वाजता राहुकाळ लागायच्या आत. एस. पी. रोडची दुकानं उघडतात अकराला. तिथे भंवरलालशेठच्या काउंटरवर मी यादी ठेवतो न ठेवतो तोच अप्पांचा फोन, ‘अकरा वीस.’ मग ‘अकरा चौतीस, काय घेतलंस?’ मी म्हटलं कॅबिनेट बघतोय. म्हणाले, ‘पेटी कसली बघतोस, आतलं बघ की.’ बरोबर होतं त्यांचं, पण कॅबिनेटला तीन रंगीत दिव्यांचे पंखे होते आणि माझा जीव त्यात अडकला होता. पंखे यादीत बसेनात. बारा वाजायला सहा मिनिटं होती. शेठनी दोन सारखेच डबे पुढे ठेवले आणि म्हणाले, ‘साहेब, प्रोसेसर तोच, हा जरा स्वस्तात पडेल. कार्ड तर तुम्ही लावणारच.’ मी म्हटलं, लावणारच. (उन्हाळ्यात, हे मनात.) स्वस्तातला घेतला, उरलेल्यात पंखे बसले. पावती हातात पडली तेव्हा बाराला दोन मिनिटं कमी होती आणि अप्पा फोनवर म्हणाले, ‘शाबास.’ सव्वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

काल पूजा झाली. जोडण्याआधी अम्माने एकेका भागाला हळदकुंकू लावलं, प्रोसेसरलासुद्धा, डोक्यावर, थेट बोटाने. ते मी चष्म्याच्या फडक्याने पुसून काढलं. गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवतात ना, तशी अप्पांनी कॅबिनेटच्या चारी पायांखाली ठेवली आणि मला ढकलायला लावलं. समोरचे नंजुंडय्या हेडमास्तर सहकुटुंब आले होते. मी बटण दाबलं. पंखे फिरले, लाल, हिरवा, निळा उजेड पडला, अम्माने आरती ओवाळली. पडदा काळाच. वायर बदलली, रॅम काढून घातली, तरी काळाच. हेडमास्तर म्हणाले, ‘किती शांत आहे हो, आमच्या नातवाचा नुसता कोकलत असतो.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा डबा वाचला. त्या प्रोसेसरच्या पोटात चित्राची सोय नाही, दाजी. म्हणूनच तो स्वस्त होता. शेठना लगेच फोन केला. ते म्हणाले, ‘सील उघडलेलं एकवेळ चाललं असतं, पण पूजा झालेली वस्तू मी परत घेत नाही. लक्ष्मी माघारी पाठवल्यासारखं होतं.’

अप्पांना अजून सांगितलेलं नाही. आज सकाळी त्यांनी त्या पडद्यासमोर उभं राहून भांग पाडला आणि कॉम्प्युटर चांगला निघाला म्हणाले. मला बसवत नाही, उठवत नाही. ऑफिसात मला नावाने हाक मारणारं कोणी नाही. रविवारी दुपारी तुम्ही ‘श्रीवत्सा, मागे बघ’ म्हणून ओरडायचात, तेवढ्यावर माझा आठवडा जायचा. ती जागा दंतवैद्याला देऊ नका.

आपला,
श्रीवत्स

ता. क. हेडमास्तर उद्या लेकीकडे तुमच्या हुबळीला येतायत, त्यांच्याबरोबर हे पत्र देतोय आणि अम्माने खोबऱ्याच्या वड्यांचा डबा पाठवलाय. डबा मोठा का, असं अक्का विचारेल. बुधवारी ते परत निघतील तेव्हा याच डब्यात तुमचं ते कपाटावरचं ग्राफिक्स कार्ड जुन्या साडीत गुंडाळून पाठवा. वीतभर लांब आहे, मावतं. मी मे महिन्यातच मापून ठेवलं होतं.

ता. क. २. पापडाबद्दल बोललो ते चुकलंच.

ता. क. ३. परवाच्या रविवारी मात्र चार वाजता फोन स्पीकरवर ठेवा. दंतवैद्य खेळू दे हवा तर. मला दिसणार काही नाही, पण सहा वर्षांत तुम्ही कुठे कुठे मरता ते मला पाठ आहे. मी इथून ओरडेन.