सातवा चिंचोका

आप्पा, तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं होतील आणि तुमची लेक अजून ठिपक्यांतच आहे. उद्या बेळगावच्या छापखान्यात माझ्या छोट्या मराठी पुस्तकाची मुद्रितं परत द्यायची आहेत आणि एका वाक्यापाशी पेन अडलंय. म्हणून तुमच्याशी बोलते.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तुम्ही राखणदारांचे मुकादम. पोत्यांच्या थप्प्यांमधल्या गल्ल्या जिथे एकमेकींना छेदायच्या, त्या नाक्यांवर तुम्ही माणसं बसवायचात. प्रत्येक गल्लीवर कुणाचा तरी डोळा हवा, पण एका गल्लीचे सगळे नाके भरायचे नाहीत. भरले की गप्पांची बैठक. आणि ज्याच्या एकट्याच्या भरवशावर एकही गल्ली नाही, त्याला घरी पाठवायचं. संस्कृत पाठशाळेतून वाट चुकून गणितात गेलेल्या मला पुढे नेमका हाच प्रश्न भेटला, फक्त वखार कागदावरची: तेरा ठिपके, तेरा रेघा, प्रत्येक रेघेवर चार ठिपके, आणि कुठल्याही दोन रेघा एकाच ठिपक्यात भेटणाऱ्या. राखणदार किती लागतील? मी सात काढले होते आणि त्यांतला एकही कमी करता येणार नाही, असं ठासून सांगत होते.

तुम्ही तेव्हा वखारीतलं काम सोडून नुकतेच घरी बसला होतात. स्वयंपाकघरात चिंच फोडता फोडता माझा कागद ओढून घेतलात. तेरा ठिपक्यांच्या रेघा सरळ काढता येतच नाहीत, त्या वळवाव्या लागतात.

"ही रेघ व्हय गं? बैल मुतल्यागत हाय."

"संस्कृतात त्याला गोमूत्रिका म्हणतात, आप्पा."

"मग बरं हाय. तुज्या संस्कृतालाबी बैल ठावं हाय म्हणायचा."

आणि तुम्ही माझ्या सात ठिपक्यांवर सात चिंचोके ठेवलेत. दोन दिवस ते तसेच. आई ताट घेऊन पलीकडे बसायची. तिसऱ्या दिवशी मी चहा घेतेय, तुम्ही एक चिंचोका उचलून माझ्या तळहातावर ठेवता.

"ह्याची येकट्याची गल्ली कुठली, सांग."

मी त्याच्या चारही रेघा तपासते. प्रत्येकीवर दुसरा कुणीतरी बसलेला आहे.

"न्हाय नव्हं? मग धाड ह्याला घरी."

त्या तेरा ठिपक्यांत सहाच लागतात, पाच पुरत नाहीत आणि सातांत एक फुकटचा असतोच, हे सिद्ध करायला मला पुढे वर्ष लागलं. प्रबंधात मी माझ्या त्या सातव्याबद्दल लिहिलं, "तो अनावश्यक आहे, हे सहज दिसते." इंग्रजीत. तुम्ही मराठी वाचायचात, कानडी वाचायचात, इंग्रजी तेवढी नाही.

"माजं नाव घातलंस व्हय?"

"घातलंय, आप्पा. हे काय, इथं."

मी दाखवलं तिथे तुम्ही बोट टेकवलंत. मग ते पान उघडून अख्ख्या गल्लीत फिरलात. चिंचेचा डाग अजून त्या ओळीवर आहे.

मुद्रितात तेच वाक्य मराठीत उतरलंय. मी ते आत्ता खोडलं आणि वर लिहिलं, "हे माझ्या वडिलांनी चिंचोके मांडून दाखवलं. त्यांना दोन दिवस लागले." खाली तुमचं पूर्ण नाव.

तुम्ही बोट ठेवलंत तिथे ते नव्हतं, आप्पा. आणि सहज तर मला मुळीच दिसलं नव्हतं.