अन्नम्माबाईंचा फोन

झरी जामणी, २५ डिसेंबर

स्वतःचीच चीड येते आहे. शाळेतल्या केरळच्या दोन शिक्षिकांनी नाताळाला बोलावलं, ‘दोन शब्द बोला’ म्हणाल्या. मी कापसाच्या भावावर तासभर कडाडलो! त्यांतल्या अन्नम्माबाई सारखं घड्याळ पाहत होत्या. मला वाटलं, कंटाळल्या. म्हणून आवाज आणखी चढवला. टाळ्या होताच त्या फोनच्या बूथकडे धावल्या. पलीकडून शेजाऱ्यांनी सांगितलं: गावी त्यांची आई लेकीच्या फोनची वाट पाहत शेजाऱ्यांच्या फोनपाशी सातपर्यंत बसून होती, मग रडत घरी गेली.

घड्याळ पाहणाऱ्या बाईला एका शब्दानं विचारलं असतं तर?

शिपाई म्हणाला, “सर, कायले थांबले? आणखी बोलाचं होतं!”

अन्नम्माबाईंना विचारलं, मध्येच का उठला नाहीत?

“पाहुणे बोलत असताना कसं उठणार, सर?”

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या.