वेल दमात ठेवल्याची हकीकत

गाडीत बसून, दार लावून, इंजिन घरघरायला लागल्यावर कुणी कामाचे निरोप देतं का? तू दिलेस. काच अर्धी खाली करून ओरडलीस आणि मला ऐकू आलं, "आजी, माझ्या वेलीला दमात ठेव!" मी मान डोलावली. दमात ठेवायचं मला कुणी शिकवायला नको. तुझ्या आजोबांना, तुझ्या बापाला आणि दूधवाल्याला मी जन्मभर तसंच ठेवलं. तेव्हा पुढे जे झालं त्यात अर्धा दोष तुझ्या जिभेचा, अर्धा त्या गाडीचा. माझ्या कानांचं नाव काढायचं नाही.

आता आशीर्वाद. चिरंजीव ठिणगीस आजीचे पोटभर आशीर्वाद. खोकला गेला का? नव्या खोलीत ऊन येतं का? जेवतेस की नुसता चहा ढोसतेस? इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण आपापसात. तुझा बापही ठीक, म्हणजे लाँड्री उघडतो, इस्त्री फिरवतो, लाँड्री बंद करतो आणि तुझा विषय निघाला की हातातल्या कॉलरकडे बघत बसतो. (जाताना तू त्याला म्हणालीस, तुमच्या या वाफेत माझा जीव गुदमरतो. ते त्यानं बरोबर ऐकलं. त्याचे कान माझ्यासारखे असते तर बरं झालं असतं.)

तर वेल. तिला मी वरच्या खोलीत पंख्याखाली ठेवली आणि रोज सकाळी चहा झाला की तिच्यापुढे खुर्ची ओढून झाडायला सुरुवात केली. सरळ उभी राहा. हातपाय पसरू नकोस. पोरगी निघून गेली म्हणून तोंड पाडून बसायचं काही कारण नाही, या घरात कुणी बसलेलं नाही. एवढं सांगूनही तिच्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या, जुन्या कागदासारख्या कुरकुरीत झाल्या. मला वाटलं, हट्टी आहे, घराण्यावर गेली. म्हणून मी आवाज चढवला. तेव्हा तिनं एक पान सरळ माझ्या पायाशी टाकलं. इतका उद्धटपणा तू सोडून कुणी केला नव्हता.

मग एकदा समोरचा चष्मेवाला माझ्या चष्म्याची काडी बसवायला वर आला. जिन्यात त्यानं माझं बोलणं ऐकलं आणि त्याला वाटलं आम्ही नवी मोलकरीण ठेवली आहे नि ती काही टिकत नाही. खोलीत बघतो तर मी आणि कुंडी. तू काय सांगून गेलीस ते मी त्याला सांगितलं, तर मेला भिंत धरून हसला. "अहो आजी, दमात नाही, दमट! दमट ठेवा म्हणाली असेल. ही पावसाळी रानातली वेल, ओल्या खोडांवर चढणारी. पंख्याखाली वाळून चाललीय बिचारी."

दमट! एवढंच ना? मी कामाला लागले. पंखा बंद, खिडक्या बंद. दोरीवर ओले टॉवेल. परातीत खडे, खड्यांत पाणी, वर कुंडी. (कुंडीचा तळ पाण्यात बुडू द्यायचा नाही, हे चष्मेवाल्यानं पुन्हा पुन्हा बजावलं, जसं काही मी कुंडी विहिरीत सोडणार होते.) शिवाय उकळत्या पाण्याची पातेली, कारण काटकसर मला जमत नाही. वेलीचं मला ठाऊक नाही, पण बाकी सगळं घर दमट झालं. काडेपेटी पेटेना. बिस्किटं लुळी पडली. कुंडीतल्या मातीवर पांढरी बुरशी आली आणि भिंतीवर काळी. आणि एका सकाळी कपाटाचं दार फुगून असं बसलं की उघडेचना. आत माझी कवळी! दिवसभर मला दात नाहीत, म्हणजे बोलणं नाही. तुझा बाप त्या दिवशी खाली चक्क शीळ वाजवत होता. वेलही जरा ताजी दिसली. योगायोग असेल.

संध्याकाळी तो स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, दार उघडलं, कवळी माझ्या हातात दिली आणि चौफेर बघत म्हणाला, "आई, ही खोली आहे की माझा बॉयलर?" मग कुंडी उचलली आणि खाली निघाला. आधी हाच म्हणाला होता की ते झाड दुकानात नको, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना माती लागेल. मला वाटलं, आता रस्त्यावर टाकतो. मी दात बसवले आणि तयारीनंच खाली उतरले.

तर हा इस्त्रीच्या टेबलापाशी कुंडी पुढे सरकवतोय, मागे सरकवतोय. वाफेत हात धरून बघतोय. वाफ पोचायला हवी पण धग नको, आणि मागच्या दारातून वारं खेळतं राहायला हवं. जागा ठरली तेव्हा गिऱ्हाईक दारात ताटकळलं होतं आणि याचं तिकडे लक्षही नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेबलाचा जुना मोडका पाय शोधून त्यानं कुंडीत रोवला, त्याला फ्लॅनेल गुंडाळलं. ते तो ओलं ठेवतो. वेलीनं आपली लोंबती मुळं त्यात रुतवली आणि निघाली वर. रेशमी शर्टांसाठीचं मऊ फडकं असतं ना, ज्याला तुला हात लावू देत नव्हता? त्यानं तो पानं पुसतो. तिच्याशी बोलतो की नाही ते मला सांगता येणार नाही. मी जवळ गेले की तो खाकरतो.

सध्या एक नवं पान आलंय, मिटलेल्या छत्रीसारखं. दुकान उघडल्यावर इस्त्री लावायच्या आधी तो ते बघतो.

दात शाबूत असलेली,
तुझी आजी

ता. क. पत्र बंद करायच्या आत पान उघडलं. चांगलं तळहाताहून मोठं, हिरवंगार, आणि दोन्ही बाजूंनी फाटलेलं! तुझ्या बापाचा चेहरा बघवेना. त्याला वाटतंय, त्याच्या वाफेनं फाटलं. जेवला नाही. मग रफूची सुई आणि हिरवा धागा घेऊन कुंडीपाशी बसला. सुई मी काढून घेतली.

ता. क. दुसरा. चष्मेवाला म्हणतो, ही वेल मोठी झाली, तिला मानवलं, की पानं अशीच चिरलेली निघतात, कुणी फाडत नाही. पण तुझा बाप म्हणतो, त्यानं चष्मे बघावेत. विश्वास तुझ्यावर ठेवील, पण विचारणार नाही. तेव्हा पान त्याच्यामुळे फाटलं की त्या वेलीचं वाढणंच तसं, हे काय ते तू लिही. त्याला लिही, दुकानाच्या पत्त्यावर. मला लिहिलंस तर न फोडता परत पाठवीन. आणि त्यावर तुला उत्तर त्यानंच द्यायचं, मी नाही. तो देईल. त्याला मी दमात ठेवलंय.