लाल खुंटीचे वाफे

४ मार्च

नाही म्हणजे नाही! हे घर मी सोडणार नाही.

डॉक्टरांनी नातीच्या, टिल्लीच्या रक्तात शिसं सांगितलं. तेव्हापासून सूनबाईने दाराजवळ बॅग आणून ठेवली आहे. "अंगण साफ झालं नाही तर टिल्लीला घेऊन मी भावाकडे. कायमची." मुलगा परगावी, फोनवर नुसता हं-हं करतो.

शिसं मागच्या बॅटरी कारखान्याचं. एकतीस वर्षं मीच तिथे जुन्या बॅटऱ्या फोडल्या. कारखाना बंद पडला, मालक गेला, धूळ आमच्या पदरात!

९ मार्च

कॉलेजातून एक बाई आल्या. मी त्यांना मातीबाई म्हणतो. चिकणमातीवर कसलंसं औषध चढवून, वाळवून आणली आहे — राखाडी, पिठासारखी. अंगणात कालवली की शिशाला धरून ठेवते, झाडात चढू देत नाही म्हणे.

"म्हणजे शिसं जात नाही?"

"जात नाही आजोबा, पण सुटतही नाही."

सूनबाई म्हणाली, "माती धुवायला मातीच? छान!"

११ मार्च

चार वाफे केले, चारींत पालक पेरला. पहिल्या दोनांत औषधी माती. तिसऱ्या-चौथ्याला लाल खुंटी — त्यांत काही घालायचं नाही, फरक कळायला हवा. पानांत फरक दिसला तर नगरपालिकेचं ऑफिस सगळ्या गल्लीची अंगणं करून देणार. नाही दिसला तर काम बंद. उरलेली गोणी पडवीत ठेवली.

"आजोबा, लाल खुंटीला हात लावायचा नाही हं!"

मी चौथी पास. हो म्हटलं.

१३ मार्च

लाल खुंटीचा तिसरा वाफा नळाजवळ आहे. टिल्ली तिथेच जाऊन बसते, हात मातीत, मग तोंडात. आणि तिथे जाणूनबुजून विष ठेवायचं? कुठला न्याय हा!

सूनबाई दुपारी आडवी झाली तशी गोणीतून चार डबडी माती काढली, खुरप्याने कालवली. चौथा भिंतीकडे, तो सोडला. दिलेला शब्द मोडला. मोडू दे!

१९ मार्च

गोणी मी काढली त्याहून जास्त रिकामी दिसते. माझं डबडंही सापडत नाही. उंदीर? उंदीर माती खातात होय!

२ एप्रिल

पालक वर आला. दिवसातून दहा वेळा बघतो.

२४ एप्रिल

पानांचा निकाल आला. चारी वाफ्यांत सारखंच, शिसं अगदी कमी! मी टाळी वाजवणार, तोच मातीबाईंचा चेहरा बघितला.

"माती न घालताही उतरलं, आजोबा. मग मातीचा गुण कसा दाखवू?"

ऑफिसचा साहेब हसला. "आपोआप होतंय तर गोण्या कशाला?"

सूनबाई आत गेली. बॅग दाराजवळच आहे.

हे मी केलं. सगळ्या गल्लीचं वाटोळं — चार डबड्यांत!

२६ एप्रिल

सांगून टाकलं. साहेबासमोर. "तिसऱ्यात मी घातली. नातीच्या हाताखाली विष ठेवणार नाही. पुन्हा ठेवाल तर पुन्हा घालीन!"

मातीबाई कपाळाला हात लावून बसल्या. मग एकदम, "आणि चौथ्यात?"

देवाशपथ, चौथ्याला मी शिवलो नाही! साहेब म्हणाला, "वयाने विसरता." मी? एकतीस वर्षांतली एकेक पाळी आठवते मला! पण मातीबाईंनी चौथा उकरून दाखवला. खाली राखाडी.

शेवटी ठरलं — कुंपणाशी नवे वाफे, परत सहा आठवडे, ह्या वेळी जाळी आणि कुलूप. साहेब कुरकुरला. "खुशाल लावा कुलूप," मी म्हटलं, "पण काम बंद केलंत तर तुमच्या दारात येऊन बसेन. उठवून दाखवा!"

२७ एप्रिल

सूनबाई म्हणाली, "बाबा, जरा हात लावा, बॅग माळ्यावर टाकायची आहे."

उचलली तर हलकी. कपडे कधी भरलेच नव्हते! आत फक्त माझं डबडं, राखाडी माखलेलं.

"दुपारी तुम्हीही घोरता," म्हणाली.